पोहऱ्यात आले कोठून?

'आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?' ही म्हण आपण वर्गात पुष्कळदा वापरतो, आणि बहुधा एखाद्या विद्यार्थ्याच्या डोक्याबद्दल वापरतो. ती शब्दशः पाण्यालाच लावून पाहण्याची वेळ आमच्यावर आली जांब समर्थ येथे. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातले हे गाव समर्थ रामदासांचे जन्मगाव म्हणून सर्वांना माहीत आहे. आमच्या एका शिक्षक मित्राचे घर तिथे आहे. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघे-तिघे त्यांच्याकडे गेलो होतो. सकाळी आंघोळीची बादली भरली, तर तळाशी काळी कच दिसली आणि वर पांढरे पापुद्रे तरंगत होते.

"आड होता तवा असं नव्हतं बगा," मित्राच्या आई म्हणाल्या. "पोहरा वर आला की पाणी कसं नितळ."

परसातला तो आड १९७२च्या दुष्काळात आटला. नंतरच्या चांगल्या पावसात त्याला थोडे पाणी येई, पण भरवसा राहिला नाही. पुढे २०१२-१३च्या दुष्काळात, जेव्हा जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळून गेल्या, तेव्हा घरच्यांनी अंगणात बोअर घेतले. खोली २४० फूट, वरचे ३० फूट केसिंग पाइप, आत सबमर्सिबल पंप, छतावर काळी प्लॅस्टिकची टाकी. मराठवाड्यात अशी घरे आता गावोगावी आहेत. नळाला फडके बांधून या घराने दोन वर्षे काढली होती. आता थोरल्या भावाने ठरवले होते की हे बोअर बाद झाले, दुसरे घ्यायचे. बोअरवाल्याशी बोलणेही झाले होते. म्हणजे प्रश्न काही हजारांचा होता, आणि नव्या बोअरला पाणी लागेलच याची हमी कोणीच देत नव्हते.

आम्ही एवढेच म्हणालो, की पैसे द्यायच्या आधी दोन दिवस द्या. पाण्यात काय आहे ते पाहूच, पण त्याआधी ते कोठून आले हे पाहू.

एकाच आकाराच्या, स्वच्छ धुतलेल्या, पारदर्शक बाटल्या गोळा केल्या. रात्रभर पंप बंद ठेवला. सकाळी बोअरच्या तोंडाशी टाकीकडे जाणारा पाइप सोडवला आणि पंप सुरू केला. पहिल्या झटक्याला आलेले पाणी पहिल्या बाटलीत, पाच मिनिटांनी दुसरी बाटली, वीस मिनिटांनी तिसरी, पन्नास मिनिटांनी चौथी. मग पाइप जोडून टाकी भरू दिली आणि पाचवी बाटली टाकीच्या तळातून, सहावी स्वयंपाकघरातल्या नळातून भरली. प्रत्येकीवर वेळ आणि जागा लिहिलेली चिठ्ठी चिकटवली. शेजारची नववी-दहावीतली चार मुले तोवर जमली होतीच, घड्याळ त्यांच्याकडे दिले. बाटल्या ओट्यावर ओळीने मांडल्या आणि हलवायच्या नाहीत असा नियम केला.

पहिल्या बाटलीत काळी कच होती आणि ती बघता बघता तळाला बसली. दुसरी-तिसरी जवळजवळ नितळ. चौथीत मात्र तांबूस ढग होता, आणि ती भरताना नळी मधूनच हवा सोडून खोकत होती. पाचवी आणि सहावी बाटली पाहिल्यावर मुलांनीच आरडाओरडा केला. पांढरे पापुद्रे फक्त या दोनच बाटल्यांत होते. बोअरच्या तोंडाशी भरलेल्या चारही बाटल्यांत एकही पापुद्रा नव्हता!

म्हणजे म्हणीच्या उलटच झाले. आडात नव्हते ते पोहऱ्यात आले होते, कारण ते पोहऱ्यातच तयार झाले होते.

हे पापुद्रे कशाचे, हे ठरवणे सोपे आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतून विरल हायड्रोक्लोरिक आम्ल आणवले आणि बशीत ठेवलेल्या पापुद्र्यावर दोन थेंब टाकले. फसफसून बुडबुडे आले. हा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुना धरलेला थर. (संडास धुण्याचे तीव्र आम्ल यासाठी मुळीच वापरू नये. लिंबाच्या रसानेही बुडबुडे दिसतात, फक्त भिंगातून पाहावे लागते.) बसाल्ट खडकातून फिरणाऱ्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड असतो. त्याच्या जोरावर पाणी कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपात चुना बाळगून असते. पाणी वर येऊन टाकीत मोकळे झाले, की वायू उडून जातो. त्यात मे महिन्याचे ऊन आणि काळी टाकी. पाणी तापले की उरलासुरला वायूही जातो, आणि न विरघळणारा कार्बोनेट टाकीच्या भिंतीवर बसतो. दिवसा टाकी प्रसरण पावते, रात्री आकुंचन पावते. त्या ओढाताणीत थर सुटतो आणि पापुद्रे नळातून खाली येतात. यांनी पोट बिघडत नाही. टाकी धुवावी, तिच्यावर सावली करावी, आणि टाकीतून बाहेर पडणारा पाइप तळाच्या थोडा वर घ्यावा, एवढे पुरे. नवे बोअर घेतले असते तरी त्याच टाकीत तेच पापुद्रे पडले असते.

काळ्या कचेने मात्र आम्हांला चकवले. थोरल्या भावाचे मत होते की आतला पाइप गंजला. कोणीतरी जुन्या स्पीकरचे लोहचुंबक आणले. वाळवलेली कच कागदावर पसरून चुंबक खालून फिरवले, तर बरेच कण चुंबकामागे धावले. "झालं, लोखंडच!" सगळे म्हणाले. आम्हीही मान डोलावली.

तेवढ्यात एका मुलीने विचारले, "सर, नाल्यातल्या वाळूला पण चिकटतंय का ते बघू का?" ती धावत जाऊन मूठभर वाळू घेऊन आली. चुंबकाला तिचेही काळे कण भराभर चिकटले. त्या नाल्यात कोणाचा पाइप गंजलेला नव्हता.

याचे कारण आपल्या पायाखालीच आहे. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहत आलेल्या लाव्हारसाच्या थरांनी झाकलेला आहे. त्यापासून बनलेल्या बसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारे खनिज असतेच. गाळाला चुंबक लावून पाहा, चिकटला तर गंज, असा सल्ला कोणी देईल. तो चुनखडीच्या किंवा साध्या वाळूच्या प्रदेशात कदाचित चालेल. आपल्याकडे तो साफ फसतो. उलट गंजाचा तांबूस भाग चुंबकाला फारसा चिकटतही नाही. कोणत्याही कसोटीला तुलनेसाठी दुसरा नमुना लागतो, हे आपण शिक्षक वर्षानुवर्षे फळ्यावर लिहितो. इथे ते नववीतल्या मुलीला सुचले, आम्हांला नाही.

मग गंज आणि दगड वेगळे कसे करायचे? दोन पोलादी चमच्यांमध्ये कण धरून दाबा. गंजाच्या खपल्या चुरडतात आणि तपकिरी भुकटी होते. दगडाची कच चुरडत नाही, चमच्यावर ओरखडे उठतात. पांढऱ्या फरशीच्या मागच्या खरबरीत बाजूवर घासले, तर गंज तपकिरी रेघ काढतो. आमच्या कणांनी राखाडी रेघ काढली आणि चमच्याची चकाकी घालवली. भिंगाखाली कण कोनेदार दिसले, काहींच्या कडा काचेसारख्या चमकत होत्या. ही बसाल्टचीच कच होती. हे सगळे झाल्यावर पंपाचा पाइप कशाचा आहे असे आम्ही विचारले, तेव्हा थोरले भाऊ म्हणाले, "प्लॅस्टिकचा." हा प्रश्न चुंबक आणण्याआधीच विचारायला हवा होता, हे कबूल केलेले बरे.

खडकातल्या बोअरला केसिंग फक्त वरच्या माती-मुरमापुरते असते. त्याखाली नुसते उघडे भोक. त्याच्या भिंतींतून आणि भेगांतून कच सुटते आणि तळाशी साठते. या घरी दर दुष्काळात पाणी खाली गेले, तसा पंपही खाली सोडत गेले होते. आता तो तळापासून जेमतेम पाच-सहा फुटांवर लटकत होता. सुरू होताना तो तळ ढवळतो, म्हणून कच फक्त पहिल्या बाटलीत आली. ही कच पंपाचे पंखे आणि बेअरिंगे झिजवते. पंप वर घ्यावा, बोअरवाल्याकडून कॉम्प्रेसरने तळ साफ करून घ्यावा, हे उघड आहे. पण पंप पंधरा फूट वर घेतला, तर मे महिन्यातले शेवटचे पंधरा फूट पाणी हातचे जाते. हे ऐकून घरात जी शांतता झाली, ती मराठवाड्यात राहिलेल्यांना सांगायला नको.

वाट चौथ्या बाटलीने दाखवली. तांबूस ढग पन्नास मिनिटांनीच का आला? आपल्या लाव्हाच्या दोन थरांमध्ये पुष्कळ ठिकाणी लाल, मऊ मातीचा पट्टा असतो. विहीर खोदणारे त्याला गेरू म्हणतात. पंप जितक्या वेगाने उपसतो तितक्या वेगाने भेगांतून पाणी येत नाही, म्हणून बोअरमधली पातळी उतरत जाते. मग वरच्या भेगांतले पाणी धबधब्यासारखे खाली पडते, जाता जाता गेरू धुऊन नेते आणि हवाही मिसळते. तेव्हा एकदम तासभर पंप चालवण्याऐवजी सकाळ-संध्याकाळ पंचवीस-पंचवीस मिनिटे चालवावा, आणि तोंडाशी वॉल्व्ह बसवून धार थोडी दाबावी. पातळी कमी उतरते, गेरू धुतला जात नाही, आणि पंप दहा फूट वर घेऊनही पाणी पुरते. आम्ही दोन दिवस मोजून पाहिले. टाकी भरायला दहा मिनिटे जास्त लागली, एवढेच. बोअरवाल्याला नको म्हणून कळवले गेले.

इथे बाटल्यांतला गाळ बसायला किती वेळ लागतो, याबद्दल थोडे सांगतो, कारण वर्गात करण्यासारखा हा उत्तम प्रयोग आहे. १८५१ साली जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी द्रवात सावकाश बुडणाऱ्या लहान गोल कणाचा नियम मांडला. कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. दगडाच्या ०.१ मि.मी.च्या कणाला १० सें.मी. खाली यायला साधारण ११ सेकंद लागतात. ०.०२ मि.मी.चा कण पाचपट लहान, म्हणून वेळ पंचवीसपट, जवळजवळ पाच मिनिटे. चिकणमातीचा ०.००२ मि.मी.चा कण पहिल्याच्या पन्नासपट लहान, म्हणून वेळ अडीच हजारपट, म्हणजे साडेसात तासांहून जास्त. त्याहून बारीक कण तर बसतच नाहीत. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो आणि ते एकमेकांना दूर ढकलतात. तुरटी फिरवली की तिच्यातले ॲल्युमिनियमचे धनभारित आयन तो भार निवटतात, कण गोळा होतात आणि बसतात. निवळीचे बी उगाळून घालण्याची जुनी रीत याच कामाची. तेव्हा बाटली भरून घड्याळ लावा. काही सेकंदांत बसली ती कच, काही मिनिटांत बसली ती बारीक रेती, आणि दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ असेल तर चिकणमाती. भरताना नितळ असलेले पाणी उघड्या बाटलीत काही तासांनी पिवळट-तपकिरी झाले, तर मात्र गाळ नव्हे, विरघळलेले लोह हवेतल्या ऑक्सिजनने बाहेर आले असे समजावे.

आम्ही परत आलो. प्रकरण संपले असे आम्हांला वाटत होते.

जूनच्या दुसऱ्या मोठ्या पावसानंतर मित्राचा फोन आला. पाणी चहासारखे येत होते, तेही पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत, आणि धाकट्या मुलीला जुलाब सुरू झाले होते. पाणी उकळून प्यायला सांगितले आणि आम्ही रविवारी पुन्हा गेलो. यावेळची बाटली रात्रभर ठेवूनही निवळली नाही. गाळून घेतलेल्या गाळात भिंगाखाली गवताचे तुकडे दिसले. चमच्यात घेऊन अंगणात तापवला, तर तो आधी काळा पडला, जळक्या शेणाचा वास आला, आणि मग लालसर भाजला गेला. खोल खडकात गवत आणि शेण नसते. हे जमिनीवरून गेलेले होते.

बोअरभोवतालची जागा आता आम्ही नीट पाहिली. मेमध्येच पाहायला हवी होती. केसिंगचे तोंड जमिनीपासून चार बोटे वर, शेजारी गोठ्याची भिंत, उतार बोअरकडे. काठीने माती उकरली तर केसिंगच्या भोवती बोटभर फट होती, आणि काठी हातभर आत गेली. काळ्या मातीचा हा स्वभाव आहे. तिच्यातली चिकणखनिजे पाणी पिऊन फुगतात आणि उन्हाळ्यात आटून शेताला भेगा पाडतात. केसिंगभोवतीची माती तशीच आटते आणि पाइपला सोडते. पहिल्या पावसाचे पाणी, माती मुरण्याची वाट न पाहता, त्या फटीतून सरळ खाली जाते आणि केसिंगच्या खालच्या टोकाशी बोअरमध्ये शिरते. पुढे माती फुगून फट मिटते आणि पाणी निवळते, म्हणून लोक म्हणतात, 'पावसाळ्यात थोडे दिवस असेच येते.' पण तेच दिवस धोक्याचे असतात.

कच आणि पापुद्रे डोळ्यांना खटकतात, पण तब्येतीला फार त्रास देत नाहीत. या चहाच्या रंगाबरोबर मात्र गोठ्यातले जीवाणू येतात. तुरटीने रंग जाईल, जीवाणू जातीलच असे नाही. आणि गढूळ पाण्यात नुसती ब्लीचिंग पावडर टाकून उपयोग कमी, कारण सेंद्रिय गाळ क्लोरीन खाऊन टाकतो आणि कणांच्या आडोशाला जीवाणू वाचतात. म्हणून आधी निवळायचे, मग क्लोरीन द्यायचे. ३३ टक्के क्लोरीन असलेली अडीच ग्रॅम ताजी पावडर १००० लिटरला घातली, तर लिटरमागे सुमारे ०.८ मिलिग्रॅम क्लोरीन मिळतो. मग निदान अर्धा तास थांबायचे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आय.एस. १०५००) गढूळपणा १ एककापर्यंत स्वीकार्य आहे, दुसरी सोयच नसेल तर ५ पर्यंत. पण ई. कोलाय जीवाणू १०० मिलिलिटरमध्ये एकही चालत नाही. त्यात सवलत नाही.

केसिंगभोवती चार फूट खड्डा घेतला, काळी माती काढून टाकली, सिमेंटचा गारा भरला, केसिंगला दीड फुटाचा तुकडा जोडून तोंड उंच केले, आणि बाहेर उतार असलेला ओटा बांधला. शेणाचा ढीग हलवला. गावच्या जलसुरक्षकाने जैविक तपासणीच्या बाटल्या दिल्या. पाणी भरून ठेवायचे, काळे झाले तर विष्ठेतले जीवाणू असण्याचा संशय धरायचा, अशा त्या बाटल्या.

सप्टेंबरात दोन दिवस जोराचा पाऊस झाला. बोअरचे पाणी नितळ आले, तळाशी काळ्या कचेची बारीक रेघ तेवढी. घरी आनंद झाला. पण जलसुरक्षकाची बाटली दुसऱ्या दिवशी काळी झाली.

पाणी डोळ्यांना स्वच्छ, तरी दूषित. आता गाळ तर नव्हताच, मग माग कशाचा काढायचा? आजीच आठवण झाल्यासारखे म्हणाल्या, "मोरीचं पाणी आम्ही आडात सोडलंय की. आटलेलाच तर हाय." आड फरशीने झाकलेला होता, बोअरपासून चाळीस फुटांवर. त्यावरून रोज ये-जा करूनही आम्हांला तो दिसला नव्हता.

आडाचा आणि बोअरचा संबंध आहे की नाही, हे मिठाने पाहता येते. आधी बोअरचे पाणी परीक्षानळीत घेऊन त्यात नायट्रिक आम्लाचा एक थेंब आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले. थोडी पांढुरकी झाक आली, कारण पाण्यात क्लोराइड मुळात असतेच. ही तुलनेची नळी. यावेळी ती विसरलो नाही. मग दहा किलो मीठ दोन पिंप पाण्यात विरघळवून आडात ओतले, आणि मित्राच्या शाळेतल्या मुलांनी रोज सकाळी बोअरचे पाणी तपासायला सुरुवात केली. तीन दिवस झाक तशीच होती. चौथ्या दिवशी दुधाळ झाली, पाचव्या दिवशी दह्यासारखा साका आला, आणि मग आठवडाभरात हळूहळू उतरत गेली.

मोरीचे पाणी आता आडापासून आणि बोअरपासून दूर, उताराच्या बाजूला काढलेल्या शोषखड्ड्यात जाते. पिण्याचे पाणी अजून उकळलेच जाते. जलसुरक्षकाची बाटली लागोपाठ तीनदा काळी झाली नाही, की थांबवायचे असे ठरले आहे. आतापर्यंत एकदा झालेली नाही.